हयातीचा दाखला

गावातल्या कुठल्या म्हाताऱ्या माणसाचं कुठलं बोट ठसे घेणाऱ्या मशीनला लागतं, हे मला तोंडपाठ आहे. या आजीची डावी करंगळी. बाकीची नऊ बोटं काजूने खाल्ली. कित्येक वर्षं ती कारखान्यात काजू फोडायला होती. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, सालपटं निघतात, नवी येते ती गुळगुळीत. आमचे वरचे लोक फोनवर विचारतात, तुझ्याकडेच एवढे व्यवहार फेल का जातात? त्यांना एक दिवस काजू फोडायला बसवलं पाहिजे.

मी देवगड तालुक्यात ग्रामीण डाकसेवक आहे. आजीचा नवरा मुंबईला नौदलाच्या गोदीत होता, त्याची फॅमिली पेन्शन तिला मिळते. पैसे मुलगा एटीएमने काढतो. त्यामुळे माझं जाणं वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यापुरतं. फी 70 रुपये, काम पाच मिनिटांचं.

पाखाडी चढून गेलो तर सून लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, उभी. म्हणाली, "ती निजलीहा. मशीन माझ्याकडे द्या, मी बोट लावून हाडतंय."

मशीन हातातून सोडायचं नाही हा नियम. एरवी मलाही त्याचा कंटाळाच येतो. त्या दिवशी मात्र तिने फार घाईने हात पुढे केला, म्हणून मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मला घरात न नेता मागच्या मांगराकडे, गवत-सामानाच्या खोपटाकडे, घेऊन गेली. दाराला बाहेरून कडी होती.

आत गवत, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची थप्पी, आणि त्यांच्या मधे गोधडीवर आजी. डाव्या मनगटाला सुंभ बांधलेलं, दुसरं टोक खांबाला. थाळीत पेज वाळलेली, तिला मुंग्या. टाचेला जखम, तिचा वास दारापर्यंत. आणि सुंभाखाली मनगटाभोवती जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, कातडी घासू नये म्हणून. ती चिंधी काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "आपा, इलंस? माका घराक घेवन चल." आपा तिचा भाऊ, जाऊन खूप वर्षं झाली.

करंगळी तीनदा लावली. ओल्या फडक्याने पुसली, कपाळावर घासून घेतली (आमची जुनी युक्ती, कपाळाचं तेल बोटाला लागतं), तरी नाही. मग मोबाईलवर चेहरा. 2021 पासून ही सोय आहे, पण त्यात डोळे मिटून उघडावे लागतात. "आजये, डोळे मिट" म्हटलं तर ती नुसती बघत राहिली. शेवटी सुनेने तान्ह्या पोराला करतात तशी तिच्या नाकापुढे चुटकी वाजवली, तिने डोळे मिचकावले आणि दाखला झाला. हयात: होय. कशा अवस्थेत, याला रकाना नाही.

बाहेर आल्यावर सुनेने मला विहीर दाखवली. कठडा नाही. "दोनदा काठावरसून ओढून हाडलंय तिका. घोव गोव्याक, आठवड्यान येता. मी बागेत जाव की हिका बघू?"

पोलीस पाटलांना सांगितलं. ते म्हणाले, घरची भानगड आहे, तू कशाला मधे? आमचे साहेब म्हणाले, आपलं काम टपाल वाटायचं. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे. म्हाताऱ्या माणसासाठी तशी सक्ती मला कुठे सापडली नाही. ज्येष्ठांसाठीचा कायदा 2007 चा. त्यात अर्ज तिनेच करायचा, नाही जमलं तर तिने अधिकार दिलेल्या माणसाने. मला आपा समजणारी बाई मला कसला अधिकार देणार? न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, पण ते चालवणारे प्रांताधिकारी बसतात कणकवलीला, त्यांना मांगर दिसणार कसा? पोटगी महिना 10,000 पर्यंत मिळते, पण इथे पेन्शन होतीच. टाकून दिलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग चिंधी गुंडाळून बांधणं हे टाकणं की सांभाळणं?

दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी 14567 ला, ज्येष्ठांच्या हेल्पलाईनला फोन केला. नाव सांगू नका म्हटलं, पण मांगरात शिरलेला बाहेरचा माणूस मीच एकटा, गावाला कळायचं ते कळलंच. अकरा दिवसांनी एक बाई येऊन गेल्या. तोवर मांगर सारवलेला, गोधडी नवी. तरी त्यांनी टाच बघितली आणि आरोग्य केंद्रातून ड्रेसिंगला नर्सची ये-जा सुरू झाली. हे माझ्या फोनमुळे झालं असं मी म्हणतो. सून म्हणते, मी तिची अब्रू घालवली. बाजारात दिसली तर मान फिरवते, आणि तिचा राग मला पूर्ण खोटा वाटत नाही. मुलगा मात्र गोड बोलतो. त्याचं गोड बोलणं मला अजिबात आवडत नाही. पेन्शन दर महिन्याला तोच काढतो, विहिरीला जाळी बसवायला त्याला काय झालं होतं?

परवा टपाल द्यायला त्याच वाडीत गेलो. आजी लोट्यावर उन्हात बसलेली, मनगट मोकळं. हाक मारली, तिने ओळखलं नाही. विहिरीला जाळी अजून नाही. लोट्याच्या फाटकाला नवी कडी आहे, बाहेरच्या बाजूने, खूप वर. फोन पुन्हा करायचा की नाही, ते माझं ठरत नाही.