बागुस

डिएंग, ऑगस्ट. रात्रीचे साडेनऊ.

पहाटेपासून एकच शब्द घशात अडकून बसलाय. बागुस. म्हणजे छान, सुंदर. इथे आल्यावर शिकलेल्या पहिल्या दहा शब्दांतला. आणि तो मी नेमका बांधावर उभी राहून, इबूंच्या (इथे आईला, मोठ्या बाईला इबू म्हणतात) पाठीमागून, त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या बटाट्याकडे बघत म्हणाले.

सुंदर होतंच ते. हे आत्ताच लिहून टाकलेलं बरं, नाहीतर उद्या स्वतःशीच खोटं बोलेन. पानापानाच्या कडेला मिठाची किनार, देवळांपुढचं गवत पिठी साखर चाळल्यासारखं, वर निळं स्वच्छ आभाळ. विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर आहोत आपण, इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या ऐन मध्यात, आणि पायाखाली बर्फ कुरकुरतोय. कोण म्हणणार नाही?

इबू म्हणाल्या नाहीत. वळून हसल्या आणि म्हणाल्या, 'तिदाक आपा-आपा.' काही नाही, चालायचंच. मी तर माफीसुद्धा मागितली नव्हती, मग हे कशाला?

याला इथे 'एम्बुन उपास' म्हणतात. एम्बुन म्हणजे दव, उपास म्हणजे विष. विषारी दव. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की पडतं. ढग असले तर जमिनीची ऊब अडते, वारा असला तर हवा ढवळत राहते. दोन्ही नसलं की सगळी ऊब वर निघून जाते आणि गार हवा, जड म्हणून, उतारांवरून ओघळत खालच्या वाडग्यात येऊन बसते. डिएंग म्हणजे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवरचं, ज्वालामुखींनी घडवलेलं असं वाडगंच. अर्जुनाचं देऊळ त्याच्या तळाशी, आणि इबूंचा तुकडाही तिथून जवळच. शंभर पावलं वर चढलं की शेजाऱ्यांचा बटाटा हिरवागार उभा. तेच बेणं, तीच लागवड.

बटाट्याचं पान मेलं की आधी काळवंडत नाही, हे मला माहीत नव्हतं. पहाटे ते कडक आणि चकचकीत दिसतं, उलट जास्तच ताजं. आत पेशींमधलं पाणी गोठून पडदे फाटलेले असतात. ऊन लागून बर्फ वितळलं की मग पान उकडलेल्या पालकासारखं लोळतं आणि दुपारपर्यंत करपून काळं. म्हणजे मी 'बागुस' म्हणाले तेव्हा ते मेलेलंच होतं, फक्त अजून कळायचं होतं. इबूंना कळलेलं होतं.

सूर्य लागायच्या आत पाणी मारून बर्फ धुवून काढायचं, हा इथला उपाय. पहाटे तीनला उठून आभाळ बघायचं, चांदण्या ठसठशीत असल्या की पंपाकडे. पाणी तलावातून येतं, शेकडो मीटर लांब पाइपांतून. चूक तिथेच होते. आदल्या संध्याकाळी पाइप उतारावर धरून रिकामे केले नाहीत तर आत राहिलेलं पाणी बारीक नळीत गोठतं, आणि पंप धडधडतो पण तोंडाशी थेंब येत नाही. गरम पाणी ओतून मोकळं करेपर्यंत डोंगरामागून ऊन येतं. आज तेच झालं. पाइप काल कोणी रिकामे करायचे होते, ते मी इथे लिहिणार नाही.

शेडनेट घालणारेही आहेत. बांबूच्या कमानींवर, पानांपासून वीतभर उंच. जाळी पानाला टेकली की टेकलेल्या जागी पान जळतंच. पण जाळी सगळ्या शेताला पुरेल इतकी कोणाकडे आहे?

महिन्याच्या आतलं रोप असेल तर गेलंच. दोन महिन्यांचं असेल तर शेंडे जळतात, खालून फुटवा येतो, पण बटाटा सुपारीएवढाच राहतो. काढणीला आलेलं असेल तर पटापट उकरून घ्यायचं आणि मिळेल त्या भावाला द्यायचं. इबूंचं मधलं, चाळीसेक दिवसांचं. ना धड मेलं, ना धड जगलं. हेक्टरी दीडेक टन ग्रानोला जातीचं बेणं, खालच्या गावांतून ट्रकने चढवलेलं कोंबडीखत, वाफ्यांवरचा काळा-चंदेरी प्लॅस्टिक कागद, आणि कोरड्या दिवसांतलं पंपाचं तेल. हा सगळा पैसा आधीच मातीत गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो उसना असतो.

वर उतारावर जमीन असती तर, असं वाटतं. पण तिथलं दुखणं वेगळं. तिथे सरी-वरंबे आडवे नाहीत, उताराच्याच दिशेने, वरून खाली ओढलेले. मी आल्या-आल्या शहाणपणा शिकवायला गेले होते की आडवे घ्या, माती राहील. पाक, म्हणजे इथले बाबा, म्हणाले, माती राहील आणि बटाटा सडेल. खरंच आहे. पावसाळ्यात इथे धुकं हटत नाही, करपा येतो, फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नाही. सरीत पाणी थांबलं की संपलं. म्हणून पाणी सुसाट खाली सोडायचं आणि त्याच्याबरोबर माती. ती सेरायू नदीतून जाऊन खाली म्रिचाच्या धरणात बसते. वरच्याला माती पुरत नाही, खालच्याला थंडी सोसत नाही.

खोलगट जागेचं हे असंच. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे इथल्याच सिनिला विवरातून विषारी वायू आला, तोही जड, तोही न दिसणारा, तोही उतारानेच उतरला. स्फोटाला घाबरून घराबाहेर पडलेली सुमारे दीडशे माणसं वाटेवरच गेली. पाक ते एकदाच बोलले, शेकोटीपाशी, आणि मग बटाट्याच्या भावावर आले.

तर माझा शब्द. दिवसभर वाटत राहिलं की इबूंनी चार शब्द सुनावायला हवे होते. आमच्याकडे आजीने सरळ म्हटलं असतं, 'तुझ्या डोळ्यांना काय झालंय गं?' आणि मी रडून मोकळी झाले असते. इथे सगळं हसून गिळतात, मग मीही गिळायचं. इतके महिने राहून मी पाहुणीच. दुपारी घरी फोन केला, आईने विचारलं थंडी कशी आहे, मी म्हटलं छान. पुन्हा तोच शब्द. बाकी काही बोलले नाही.

संध्याकाळी कोळशाच्या शेगडीपाशी हात शेकत बसलो तेव्हा एकदम आठवलं आणि हसूच आलं. उपास! आमच्याकडे उपासाला बटाटा चालतो. नुसता चालत नाही, बटाट्यावरच चालतो. इथे उपासाला बटाटाच बळी जातो. इबूंना हे समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली, अर्ध्या इंडोनेशियनमध्ये, अर्ध्या हातवाऱ्यांत. त्यांना विनोद कळला नाही. देवासाठी उपाशी राहायचं आणि तळलेला बटाटा खायचा, एवढंच कळलं, आणि त्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारणीला बोलावून पुन्हा सांगायला लावलं.

एक मात्र खरं, बागुस म्हणणारी मी एकटी नाही. सकाळी देवळांपाशी गाड्याच गाड्या होत्या. सेमारांगहून, योग्याकार्ताहून रात्रभर प्रवास करून लोक येतात, गवतावर उताणे पडून फोटो काढतात, याला 'डिएंगचा बर्फ' म्हणतात. वेण्णा तलावाकाठी हिमकण पडले की आपणही पहाटे गाडी काढतो. स्ट्रॉबेरीवाल्याच्या तोंडाकडे कोण बघतं? आणि त्याच गर्दीला इबूंची जाऊ तेम्पे केमुल, म्हणजे पिठात घोळवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून विकते. आज तिचा माल सातलाच संपला. तिचा बटाटाही खालच्याच अंगाला आहे, हे वेगळं.

आत्ताच इबू मागचं दार उघडून आभाळ बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. वारा नाहीये. पाइप मी स्वतः रिकामे करून आलेय, दोन्ही तोंडं खाली करून, शेवटचा थेंब गळेपर्यंत. गजर तीनचा.