नावाची भांडी

भांड्यांवर नाव घालायच्या आपल्या हौसेची मी पूर्वी थट्टा करायचे. वाटी एवढीशी आणि तिच्यावर लग्नाची तारीख, गाव आणि 'मामा-मामींकडून सप्रेम भेट'. भांड्यांच्या दुकानातला माणूस छोट्या हातोडीने टिंबं टिंबं ठोकत बसायचा आणि आपण शेजारी उभं राहून 'वेलांटी पहिली घाला हो, दुसरी नको' म्हणून त्याला पिडायचं. लोकांना आपली भांडी चोरीला जातील याची केवढी ती धास्ती, असं मला वाटायचं. पाणीही भांडी नेतं, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

चिपळूणकरांना पूर नवा नाही. २००५ च्या जुलैतल्या पाण्याची खूण कितीतरी भिंतींवर होती आणि त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की आपण शहाणे, असा बाजारपेठेचा हिशोब होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने तो हिशोब पुसला. वर सह्याद्रीत पाऊस कोसळत होता, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या फुगलेल्या, खाली दाभोळच्या खाडीला भरती. पाण्याने जायचं तरी कुठे? ते आमच्या घरात आलं. वीज गेली, फोन बंद पडले. वरच्या मजल्यावरून खाली बघत बसण्याखेरीज काही करण्यासारखं नव्हतं.

तेव्हा एक गोष्ट पाहिली. पितळेची भांडी जागच्या जागी बुडतात. झाकण घट्ट बसलेला स्टीलचा डबा मात्र होडीसारखा तरंगतो आणि दारातून ऐटीत निघून जातो. डबे असे एकामागोमाग गेले. त्यांच्याबरोबर साखर गेली, पोहे गेले, पापड गेले.

पाणी उतरलं आणि मग गाळ. लाल, चिकट, कपाटाच्या खणांतसुद्धा बसलेला. फुगून आंबलेला तांदूळ आणि डिझेल यांचा मिळून जो वास येतो तो कितीही फिनेल ओतलं तरी हटत नाही. गल्लीतल्या एका कट्ट्यावर कुणीतरी सापडलेली भांडी आणून टाकायला लागलं. बघता बघता ढीग झाला. बायका भोवती बसल्या, नखाने अक्षरांतला गाळ काढून नावं मोठ्याने वाचू लागल्या. 'अगो, ही परात तुमच्या सासऱ्यांची!' मग एकीच्या तांब्यावर तिच्या लग्नाचं साल निघालं.

'सत्त्याहत्तर? तू तर आम्हांला एक्क्याऐंशी सांगत होतीस!'

'पाण्याने आकडा पुसला असेल,' ती म्हणाली. पूर आल्यापासून गल्लीत कुणी हसलेलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बिननावाच्या भांड्यांवरून मात्र थोडं वाजलं. तेही लिहायला हवं.

दरम्यान बाहेरगावची मुलं आली. फावडी, घमेली, खराटे आपापले घेऊन. आमच्या स्वयंपाकघरातला गाळ त्यांनी ओढून काढला. जिथे मीच हात घालायला कचरत होते त्या मोरीत एकजण कोपरापर्यंत हात घालून बसला होता. 'कुठले रे तुम्ही?' विचारलं तर गाव सांगितलं असेल, पण गोंधळात डोक्यात राहिलं नाही. 'काकू, चहा नको, बादली द्या,' एवढं लक्षात आहे. दुसऱ्याच दिवशी ती पुढच्या आळीला गेली. असे उपकार झाले की माणसाची मोठी पंचाईत होते. आभार मानायचे तर पत्ता नाही, फेडायचे तर नाव नाही.

त्यांच्यापैकीच कुणाबरोबर खिचडीचा एक मोठा टोप आला आणि इथेच राहिला. त्याच्यावर नाव आहे: 'देवीच्या चरणी अर्पण'. कुठल्या देवीच्या, ते नाही. पंचक्रोशीत देवी थोड्या का आहेत? तो आता गल्लीचा झालाय. पूजा असो, बारसं असो, वर्षश्राद्ध असो, भात त्याच्यात शिजतो.

आपत्तीने माणुसकी शिकवली वगैरे कुणी भाषणात म्हणालं की मला मात्र राग येतो. माणुसकी त्या मुलांच्या घरी आधीपासून होती, तिच्यासाठी आमचा बाजार बुडायची गरज नव्हती. नदीतला गाळ काढा, हे सांगायला त्याच वर्षी डिसेंबरात इथल्या लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. मी त्या मुलांची जन्मभर ऋणी आहे, पुराची नाही.

आमच्याकडे एक झाकण उरलंय. त्याचा दहा किलोचा डबा त्या सकाळी खाडीच्या दिशेने गेला. डब्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे. सापडला असेल त्यांनी खुशाल वापरावा, साखरेला चांगला आहे. फक्त मुंग्या लागत असतील, तर झाकण इथे आहे, येऊन घेऊन जावं.