लँगम्यूर प्रोब, नोंद चौथी: चढताना एक आलेख, उतरताना दुसरा

लँगम्यूर प्रोब म्हणजे प्लाझ्मात (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत) खुपसलेली तार; तिला व्होल्टेज देऊन किती प्रवाह येतो ते मोजायचं. फ्लोटिंग पोटेन्शियल (प्रोबमधला निव्वळ प्रवाह शून्य होतो ते व्होल्टेज) उणे ३ व्होल्ट, प्लाझ्मा पोटेन्शियल (खुद्द प्लाझ्माचं व्होल्टेज) अधिक ७. भरवसा ठेवावा असे आकडे पहिल्यांदाच हाती आले.

मांडणी जुनीच. काचेची नळी, वेल्डिंगवाल्याकडचा आर्गॉन, एसी दुरुस्तीवाल्यांचा व्हॅक्यूम पंप. कॅथोडला उणे ४०० व्होल्ट, अ‍ॅनोड अर्थला. प्रोब म्हणजे सिरॅमिक नळीतून ५ मिलिमीटर बाहेर काढलेली टंगस्टनची तार.

तीन आठवडे एकच दुखणं होतं. प्रोबचं व्होल्टेज उणे ४० पासून अधिक २० पर्यंत चढवलं की प्रवाहाचा एक आलेख यायचा, उतरवलं की दुसरा. फरक चांगला चार व्होल्टांचा. आधी पॉवर सप्लायवर संशय घेतला, मग दुपारच्या लाइनवर (जळगावात मे महिन्यात सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतंच). दोष निघाला तारेच्या टोकावर. पंपातल्या तेलाची वाफ तिथे पातळ थर धरत होती, आणि या उन्हात तेलाची वाफ जास्तच होते. थरावर विद्युतभार साठतो, म्हणून प्रोबला आपण दिलेलं व्होल्टेज प्लाझ्मापर्यंत जसंच्या तसं पोचत नाही.

आता प्रत्येक मापनाआधी प्रोब पाच मिनिटं उणे १०० व्होल्टवर ठेवतो. आर्गॉनचे आयन आदळून टोक साफ करतात. त्यानंतर दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. रात्री साडेअकराला ते पाहिलं आणि बराच वेळ पंप बंद करायचं सुचलंच नाही.

पडताळाही जुळला. इलेक्ट्रॉन प्रवाहाचा लॉग घेऊन काढलेल्या आलेखाच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचं तापमान साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट (इथे तापमान ऊर्जेच्या या एककात मोजतात) येतं. आर्गॉनमध्ये प्लाझ्मा आणि फ्लोटिंग पोटेन्शियलमधलं अंतर त्याच्या सुमारे पाचपट असावं लागतं, म्हणजे १० व्होल्ट. आपलंही तेवढंच.

शेजारचे आबा डोकावून म्हणाले, "हाई काय शे भो?" विहिरीत पाणी किती हातांवर आहे ते बघतो, तसं नळीतली वीज मोजतोय, असं सांगितलं. त्यांना पटलं.

ही उंची, म्हणजे प्लाझ्मा पोटेन्शियल, महत्त्वाची, कारण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (आयन वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात) शिरणारा आयन ती ऊर्जा सोबत घेऊन जातो. आयसीपी-एमएसमध्ये (कॉइलने पेटवलेल्या प्लाझ्मातून आयन घेणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) २७.१२ मेगाहर्ट्झच्या कॉइलचं व्होल्टेज कपॅसिटन्समधून प्लाझ्मात उतरतं, सँपलर कोनच्या (आयन आत घेणाऱ्या शंकूच्या) छिद्रापाशी ठिणग्या पडतात, दोन भारांचे आयन वाढतात. म्हणूनच तिथे कॉइल मधोमध अर्थ करतात किंवा टॉर्चभोवती (प्लाझ्माच्या नळीभोवती) अर्थ केलेलं शील्ड घालतात.

पुढच्या खेपेला डबल प्रोब, म्हणजे दोन तारांचा. ४०० व्होल्ट जीव घेतात; कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय कुणीही आत हात घालू नका.