आमची वाटचाल : वाढत्या अंगाचं

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गावाचं पोट मागावरच चाललं. माझ्या सासरी आठ माग होते, तेही खर्चीवर. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपल्याला फक्त मजुरी. मुलगी झाली तेव्हा तिची झबली मी घरीच मलमलीची शिवली. ती बघून शेजारणींनी मागितली, मग बाळंतविड्यासाठी लोक विचारायला लागले. माजघरातल्या एका मशीनवर आमचा धंदा असा सुरू झाला.

झबल्यात चुकायला फारशी जागा नसते. मूल रांगायला लागलं की कपड्याची खरी परीक्षा सुरू होते. आम्ही पँटी शिवायला घेतल्या आणि दोन महिन्यांत एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन दारात. "वहिनी, कापड चांगलं हाय, पण ह्ये गुडघं बघा की!" बाकी पँट नव्यासारखी, आणि गुडघ्याला दोन भोकं. त्या दिवशी मी ठरवलं, फाटलेला प्रत्येक कपडा परत मागवायचा, बदली नवा द्यायचा. वर्षभरात दोन पोती भरली. मला कपडे शिवायला त्या पोत्यांनी शिकवलं.

मुलांचा कपडा ठरावीक जागीच जातो. गुडघा, दोन पायांमधला जोड, खिशाचं तोंड, आणि बटणाच्या मागचं कापड. आता गुडघ्याला आतून दुसरा थर लावतो आणि त्याच्या कडा थेट बाजूच्या शिलाईत घेतो, म्हणजे टोचत नाहीत. मांड्यांच्या मध्ये चौकोनी तुकडा जोडतो. आमचे कटिंग मास्टर त्याला मियानी म्हणतात. जुन्या पायजम्यांना ती असायचीच. उकिडवं बसताना ताण एकाच शिलाईवर न येता चारही बाजूंना वाटला जातो. कापड वाचवायला ती कधी काढून टाकली गेली असेल, तर फार वाईट झालं.

सगळ्यात मोठा फटका बसला तो होजिअरीत. टी-शर्टसाठी बाहेरून कापड आणलं. शिवून, इस्त्री करून माल दुकानात गेला. पहिल्याच धुण्यात शर्ट बेंबीपर्यंत आखडले आणि बाजूची शिलाई फिरून पोटावर आली. सगळा लॉट परत आला, पैसे आम्ही भरले. तेव्हापासून प्रत्येक ताग्यातून अर्धा मीटर चौकोन कापतो, तीनदा धुतो, वाळवतो आणि मोजतो. 50 सेंटिमीटरचे 47.5 पेक्षा कमी भरले तर तागा परत. कापड 180 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाच्या, आसपासचं घेतो. त्याहून जाड जास्त टिकेल, पण आमच्याकडच्या जुलैत ते दोन दिवस दोरीवर ओलंच राहतं. टिकतं, पण वाळत नाही, असा कपडा लेकुरवाळ्या बाईच्या काय कामाचा?

लहानग्यांच्या गळ्याबद्दल मी हट्टी आहे. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं जेमतेम आठवा. म्हणून खांद्यावर एकावर एक येणारा, मोठा उघडणारा गळा ठेवतो. लंगोटातून शी बाहेर आली तर तोच शर्ट खांद्यावरून खाली ओढून पायातून काढता येतो, चेहऱ्यावरून न्यावा लागत नाही. गळ्याशी आणि टोपीला नाडी आम्ही लावतच नाही, कितीही गोंडस दिसली तरी. घसरगुंडीत अडकली तर गळ्याला फास बसतो. युरोपातल्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांसाठी ती चालत नाही. कमरेला मात्र इलॅस्टिकच, कारण अंगणवाडीत घाई झाली की बटण कोण काढून देणार?

आमच्या आईच्या पिढीत शिंप्याला एकच सांगणं असायचं, "वाढत्या अंगाचं शिवा." त्यामुळे पहिलं वर्ष कपडा ढगळ, तिसऱ्या वर्षी तोकडा. आम्ही नीट मोजून बघितलं. वयाच्या दोन वर्षांनंतर मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर उंच होतं, पण कंबर फारशी वाढत नाही. म्हणून कमरेला बेताचं ठेवतो आणि पायाच्या दुमडीत सहा सेंटिमीटर कापड राखतो. धावदोऱ्याची एक ओळ उसवली की पँट आणखी एक वर्ष चालते.

दुकानात कपडा घेताना, आमचा असो वा दुसऱ्या कुणाचा, आधी तो उलटा करून बघा. शिलाई दोन्ही हातांनी ताणा. टाके विलग होऊन मध्ये फट दिसली तर ठेवून द्या. बटणाच्या मागे कापडाची जादा पट्टी आहे का, तेही बोटांनी चाचपा.

आज आमच्याकडे अकरा मशीन आहेत. गेल्या दिवाळीत एक बाई पँट घेऊन आली. थोरल्याची मधल्याला, मधल्याची धाकटीला आलेली. दुमड उसवलेली जुनी रेघ पायावर स्पष्ट दिसत होती. तिला दुरुस्ती नको होती. तिने फक्त विचारलं, "ह्याच कापडाची आता मोठ्या मापात मिळंल का?" सहा वर्षांपुढची मापं आम्ही अजून करत नव्हतो. ती पँट समोर ठेवूनच मास्टरांनी पहिला नमुना कापला.