नकार सगळ्यांनाच मिळतो, मग काहींच्याच जिवावर का बेततो?

निफाड-दिंडोरीकडच्या गावांत किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॉलेजात बोलून झालं की कुणीतरी मागे थांबतं आणि विचारतं, "ताई, नकार कुणाला चुकलाय? नोकरीत मिळतो, लग्नात मिळतो, मित्रांत मिळतो. मग काही जणच इतकं मनाला का लावून घेतात? थेट जीव द्यायला का निघतात?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न सतत येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मनाला लावून घ्यायचं असं कुणी ठरवत नाही. २००३ साली अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. संगणकावर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा, इतका साधा खेळ. थोड्या वेळाने दोघं आपापसातच चेंडू टाकायला लागतात. ज्याला वगळलं त्याच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेल्या भागात हालचाल वाढलेली दिसली. नंतरच्या एका प्रयोगात तर समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, हे आधी सांगूनही लोकांना लागायचं ते लागलंच. मग आपल्याच भावकीने तोंड फिरवलं तर काय होत असेल! वाळीत टाकणं हे त्याचं टोक. जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम २०१३ मध्ये आपल्या नाशिकमधून सुरू झाली आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. देशातला असा हा पहिलाच. पण कायद्याला उघड बहिष्कार दिसतो. कार्यात सगळ्यांना आग्रह आणि एकालाच विचारणा नाही, यावर कुठलं कलम लावणार?

तरीही तुमचा प्रश्न उरतोच. दुखतं सगळ्यांना, मरणाच्या विचारापर्यंत थोडेच जातात. त्या थोड्यांकडे बघताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नकार मिळाल्यावर माणूस एकटा असताना स्वतःला काय ऐकवतो, यावर फार काही अवलंबून असतं.

एक मुलगा माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. द्राक्षबागायतदाराचा मुलगा, तिशी ओलांडलेली. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं जमणं आपल्या भागात किती अवघड झालंय ते तुम्हाला सांगायला नको. मुलीकडच्यांना पुण्यातली नोकरी हवी, नाहीतर निदान नाशिकला फ्लॅट. बायोडेटा पाठवायचा, "कळवतो" ऐकायचं आणि गप्प बसायचं. त्याने आधी हळदी-लग्नांना जाणं सोडलं, कारण तिथे "तुझं कधी?" ठरलेलं. मग संध्याकाळी पारावर बसणं सोडलं. मग भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. गोडी छाटणीची धांदल, घरात मजुरांचा राबता, कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्यासमोर अगदी सपाट आवाजात म्हणाला, "बिनकामाचा बैल आहे मी. नुसता दावणीला."

मी विचारलं, "हे असंच्या असं कोण म्हणालं होतं?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामा. एकदाच. हसत म्हणले होते."

मामा विसरूनही गेले असतील. हा मात्र फवारणी करताना, रात्री मोटार चालू करायला जाताना स्वतःला तेच सुनावत होता. नाकारणारे आपापल्या कामाला लागलेले असतात. त्यांचं म्हणणं तो माणूस स्वतः पुढे चालवतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी स्वतःवरच्या टीकेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक म्हणते, कमी पडलास, सुधार. दुसरीला सुधारणा नकोच असते, तिला स्वतःचा तिरस्कार वाटतो आणि शिक्षा द्यायची असते. धोका जास्त या दुसरीत. कॉलेज रोडच्या क्लासमधल्या हुशार मुलांतही ती दिसते, आणि त्यांना तर बाहेरून कुणी नाकारलेलंही नसतं.

त्याच्या पुढच्या वाक्याला मी सावध झाले: "माझ्यामुळे धाकट्याचं अडलंय." थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलं की 'माझं कुणी नाही' आणि 'माझा सगळ्यांना भारच आहे' या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. "मोठ्याचं झालं की धाकट्याचं बघू" हे आपल्या घरांत किती सहज बोललं जातं! ऐकणारा त्यातून 'मी नसलो तर सगळ्यांचं सुटेल' इथवर पोचू शकतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे. माणूस गेलेल्या घरांत मी बसले आहे, तिथे कुणाचंही काही सुटलेलं नसतं. या मुलाच्या वडिलांना बोलावलं, त्याच्या परवानगीने. ते चक्रावलेच. धाकट्याचं थांबलं होतं ते पैशांमुळे, आणि हे त्याला सांगावं असं कुणाला सुचलंच नव्हतं.

अर्थात नकार हे एकच कारण कधीच नसतं. नैराश्य, दारू, कर्ज, आजार, मारहाण, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. नोंदीच्या रकान्यात कारण एकच लिहिलं जातं, म्हणून आपल्यालाही एकच कारण शोधायची सवय लागली आहे.

मग करायचं काय? "एवढं काय मनावर घेतोस" हे आधी बंद करा. त्या माणसाला तो आणखी एक नकारच वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या डॉक्टरांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली. बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, इतकंच. पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. "ये रे घरी, चहा घेऊ" असा मेसेज, उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा, हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

आणि शंका आली तर स्पष्ट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. उत्तर 'हो' आलं तर वाद घालू नका, एकटं सोडू नका, इजा होईल अशा वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. हे स्वतःसाठी वाचत असाल तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर "मला बोलायचंय" एवढंच म्हणा, पुढचं ते विचारतील.