वाळूतली निळी वाट

आईच्या पायाला सहा वर्षांत समुद्राचं पाणी लागलं नव्हतं. दापोलीजवळच्या मुरुडला आमचं घर. रात्री मागच्या दारी उभं राहिलं की गाज ऐकू येते. पण गुडघे गेले आणि वाळूतून चालणं तिला जमेना. सुरूच्या बनापर्यंत यायची, तिथेच बसायची, आम्हाला म्हणायची, "तुम्ही जाऊन या." गेल्या वर्षी ती माझ्याकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला आली. पहिल्या संध्याकाळी खिडकीतून पॅसिफिकचा तुकडा दिसला तेव्हा म्हणाली, "अगो, हाही लांबूनच बघायचा ना?"

नाही, म्हटलं. उद्या जाऊया.

इथे वाळूवर ठिकठिकाणी निळ्या रंगाच्या जाड पट्ट्या अंथरलेल्या असतात. फुटपाथ संपतो तिथून त्या पाण्याच्या दिशेने जातात. चाकाची खुर्ची, वॉकर, बाबागाडी, सगळं त्यावरून सरळ जातं. पट्टी पाण्याच्या बरीच अलीकडे संपते, पण पुढची सोयही आहे. ॲनेनबर्ग बीच हाऊसमधून फुग्यासारख्या जाड चाकांची खुर्ची मोफत मिळते, ती वाळूत रुतत नाही. ही बीच हाऊसची जागा एके काळी वृत्तपत्रांचा धनाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्टने अभिनेत्री मॅरियन डेव्हिससाठी बांधलेल्या आलिशान बंगल्याची. २००९ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. त्याच आवारातून आईची खुर्ची ढकलत आम्ही निघालो. लाट आली, आईची पावलं भिजली. पॅसिफिकचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं. तिने पाय मागे घेतले नाहीत. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

घरचे लोक फोनवर हॉलिवूडबद्दल विचारतात, नाहीतर इथल्या धक्क्यावरच्या मोठ्या पाळण्याबद्दल. तो धक्का १९०९ चा आहे, सुंदर आहे, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला मात्र या गावाच्या नगरपालिकेबद्दल लिहायचंय, कारण इथे मला घरच्यासारखं वाटायला लागलं ते तिच्यामुळे.

गाव लहानच. चारी बाजू धरून साडेआठ चौरस मैलांच्या आत, वस्ती नव्वद हजारांच्या आसपास. लॉस एंजेलिसला अगदी खेटून असलं तरी कारभार वेगळा. पोलीस वेगळे, अग्निशमन दल वेगळं, बससुद्धा गावाची स्वतःची. त्या निळ्या बसची सेवा १९२८ पासून चालू आहे. कारभार सात जणांच्या कौन्सिलकडे. नगराध्यक्ष त्या सातांतूनच निवडतात, आणि रोजचं काम पगारी सिटी मॅनेजर बघतो, आपल्या नगरपरिषदेतल्या मुख्याधिकाऱ्यासारखा.

पहिल्या हिवाळ्यात मला इथली एक सूचना शब्दशः पाठ झाली. इथे पाऊस पडतो तो थंडीत. बरेच महिने कोरडे गेल्यावर पहिली सर आली आणि मला राहवेना. पावसात समुद्र बघायचा ही आपली सवय. निघाले तर शेजारच्या आजी दारातच म्हणाल्या, बघून ये, पण पाण्यात तीन दिवस जाऊ नकोस. सार्वजनिक आरोग्य खात्याचा सल्लाच तसा आहे: पावसानंतर ७२ तास पाण्यापासून लांब राहा. कारण साधं आहे. इथे सांडपाण्याची गटारं वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाचं पाणी मात्र रस्त्यावरचं तेल, कचरा, कुत्र्यांची घाण, जे सापडेल ते घेऊन थेट समुद्रात उतरतं. हील द बे ही इथली संस्था १९८५ पासून या खाडीच्या स्वच्छतेच्या मागे लागली आहे. ती किनाऱ्यांना शाळेतल्यासारखे ए ते एफ असे गुण देते. धक्क्याजवळच्या पाण्याला अनेकदा वाईट गुण मिळालेत, आणि ते उघडपणे छापून येतात. पर्यटकांवर जगणारं गाव आपल्याच किनाऱ्याचे नापास गुण लपवत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

उन्हाळ्यात पाऊस नसतानाही नाल्यांतून पाणी वाहत असतं, बागांचं, गाड्या धुतल्याचं. धक्क्याजवळ एक छोटं केंद्र आहे, ते हे पाणी अडवून शुद्ध करतं. मग ते बागांना आणि काही इमारतींच्या संडासांच्या टाक्यांना जातं. केंद्र रस्त्याकडेलाच आहे, आत काय चाललंय ते येणाराजाणारा बघू शकतो. माझा मुलगा पोहायला जाताना दर वेळी तिथे थांबतो. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्याला सातव्या वर्षी माहीत आहे. मला ते तिशीत कळलं.

७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्सची आग लागली, ती आमच्या उत्तरेला, अगदी हद्दीला लागून. संध्याकाळी आकाश नारिंगी झालं होतं. फोनवर सूचना येत होत्या, आणि सॅन व्हिसेंटे बुलेव्हार्डच्या उत्तरेकडच्या लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं. आम्ही राहतो दक्षिणेला, ओशन पार्कात. तरी पासपोर्ट, औषधं, मुलाची शाळेची बॅग दारात ठेवून रात्रभर नकाशा बघत बसलो. पुढे कित्येक दिवस किनाऱ्यावर जळलेल्या लाकडाचे तुकडे येत होते आणि पाण्यात जाऊ नये अशी सूचना होती. अशा वेळी कुठली गल्ली आत, कुठली बाहेर, एवढं जरी कुणी स्पष्ट सांगितलं तरी माणसाचा जीव थाऱ्यावर राहतो.

आता कौन्सिलच्या सभेबद्दल, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

मी इथली नागरिक नाही. मला मत नाही. सभेत आपलं काय काम, असं मी किती वर्षं धरून चालले होते. पण कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राऊन ॲक्ट आहे. नियमित सभेची कार्यसूची ७२ तास आधी लावलीच पाहिजे, आणि सभेत लोकांना बोलू दिलंच पाहिजे. मतदार आहात का, नागरिक आहात का, असं विचारत नाहीत. आत येण्यासाठी नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मला हे कळलं ते आईमुळे. ती गावच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून दोनदा बोललेली बाई. ती म्हणाली, "पट्टी चांगली आहे, खुर्ची चांगली आहे. पण तुझ्या वरच्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्यांना ठाऊक कुठाय? जाऊन सांग."

खरंच होतं. वरच्या मजल्यावरचं एक वयस्क जोडपं वर्षानुवर्षं इथे राहतं, त्यांना खुर्चीचा पत्ता नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी गेलो. सिटी हॉलची इमारत १९३९ ची, प्रवेशदालनात भिंतभर चित्रं. आई आधी तीच बघत बसली. आमच्या आधी बोलायला उठले ते भाड्याबद्दल बोलणारे. १९७९ पासून इथे भाडेनियंत्रण आहे आणि त्यावर आजही लोक पोटतिडकीने बोलतात. मग विमानतळ. तो २०२८ च्या शेवटानंतर बंद करायचा गावाला अधिकार मिळाला आहे, आणि त्या जागेचं काय करायचं यावर प्रत्येकाचं वेगळं स्वप्न आहे. माझी पाळी आली. माईकसमोर वेळ उलटी मोजली जात होती, दोन मिनिटं. घसा कोरडा पडला. मी म्हटलं, माझी आई इथे आलीये, सहा वर्षांनी तिचे पाय समुद्रात भिजले, आणि या खुर्च्यांची माहिती निळ्या बसमध्ये आतून लावा, म्हणजे जे चालू शकत नाहीत त्यांना कळेल. वेळ संपायच्या आतच माझं बोलणं संपलं.

ठराव वगैरे झाला नाही. जो विषय कार्यसूचीवर नाही त्यावर त्या रात्री निर्णय घेताच येत नाही, कायदाच तसा आहे. सातांपैकी एकीने मात्र मान वर करून आईकडे पाहिलं आणि हसून हात हलवला. आईनेही हलवला.

जायच्या आधीच्या आठवड्यात आई रोज पट्टीवर जायची. वाळूतल्या कुंपण घातलेल्या जागेपाशी थांबायची. २०१६ पासून तिथे स्थानिक झाडं वाढू देऊन वाळूच्या टेकड्या परत तयार करताहेत. २०१७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात जवळजवळ सत्तर वर्षांनी स्नोई प्लोव्हर या लहानशा पक्ष्याची घरटी सापडली, त्यांत एक याच किनाऱ्यावर होतं. मी सांगितलं तर आई म्हणाली, वेळासला कासवांची अंडी राखतात तसंच की. तिला ग्रुनियन माशांचंही फार अप्रूप वाटलं. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या रात्री ते भरतीबरोबर वाळूवर येऊन अंडी घालतात. मोसमात त्या ओल्या वाळूत सफाईची यंत्रं घालत नाहीत. "म्हणजे इथली माणसंही तिथी बघतात," ती म्हणाली.

परवा तिचा फोन आला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तिला विषय मांडायचाय: सुरूच्या बनापासून पुढे, निदान पर्यटनाच्या महिन्यांत, एक पट्टी. पावसाळ्यात गुंडाळून ठेवायची, हेही तिने ठरवलंय. सरपंच पहिलाच प्रश्न विचारतील तो खर्चाचा, म्हणून तिला मापं हवीत. रुंदी किती, एक तुकडा केवढा, वाळूत कशाने पक्की करतात.

रविवारी सकाळी टेप घेऊन जाणार आहे. मुलगा एक टोक धरणार आहे.