मृत्युपत्रातलं घर विकताना एक्झिक्युटरची सही कुठे अडते

मृत व्यक्तीच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळतं. व्यवहार अडतो तो एक्झिक्युटरच्या, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला त्यात नेमलेल्या माणसाच्या, सहीपाशी. विकणाऱ्याला अधिकार कुठून आला, हे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाला कागदावर दिसावं लागतं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं आहे की नाही यावर वाद घालत बसू नका, तो वकील बहुधा मागतोच.

एजंटला फोन करण्याआधी मृत्युपत्र वाचा. 'घर विकून पैसे वाटावेत' असं असेल तर रस्ता मोकळा. घर एखाद्याच्या नावाने ठेवलं असेल, तर ते विकायला काढण्याआधी मृताची देणी बघा. ती दुसऱ्या मालमत्तेतून फिटत असतील तर विकायचं कारणच उरत नाही. विक्रीवर बंधन घातलेलं असेल, तर हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन व्यक्तीच्या बाबतीत प्रोबेट मिळूनही कोर्टाची लेखी परवानगी लागते (भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925, कलम 307). आणि स्वतःच विकत घ्यायचा मोह टाळा. एक्झिक्युटरने केलेली अशी खरेदी इतर हक्कदार रद्द करून घेऊ शकतात.

सोसायटीत नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नव्हे. मृताने दिलेलं कुलमुखत्यारपत्र तर त्याच्याबरोबरच संपतं. त्यावर आता कोणी सही केली तर ती कवडीमोल.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते प्रोबेटला जोडलेलं मालमत्तेचं परिशिष्ट. फ्लॅट नंबर जुना, पार्किंगचा उल्लेखच नाही, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग वेगळं: असल्या चुका कर्ज मंजुरीच्या वेळी वर येतात आणि दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्टात जावं लागतं. अर्ज दाखल करतानाच मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. (महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी 75,000 रुपयांवर थांबते. वकिलाची फी थांबत नाही.)

प्रोबेटआधी टोकन घ्यायचंच असेल, तर अमुक तारखेपर्यंत प्रोबेट न आल्यास पैसे परत, ही अट लेखी घाला. ताबा तोवर देऊ नका.

करारात सही 'अमुक यांच्या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर' म्हणून करा आणि पैसे मालमत्तेसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यातच घ्या. तिथे पॅनही वेगळा लागतो. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर गिऱ्हाईक पैसे देतानाच 1 टक्का कर (टीडीएस) कापतं. तो मृताच्या पॅनवर भरला गेला, की क्रेडिट मिळवताना नाकी नऊ येतात. भांडवली नफा मोजताना मृत्यूच्या दिवशीचा भाव धरत नाहीत, सहसा मृताने मोजलेली किंमत धरतात. घर जुनं असेल तर नफ्याचा आकडा वारसांना हादरवतो, म्हणून आधीच सांगून ठेवा.

प्रोबेटपासून 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. वारसांनी कितीही घाई केली तरी कर आणि सोसायटीची थकबाकी बाजूला काढल्याशिवाय वाटप करू नका.